सूर्याचा मुकुट इतका तप्त कसा?
(महोत्सवी व्याख्यानमालेत जांबोटी येथे दिलेल्या भाषणाचे टिपण)



संस्थेच्या कार्याचा गौरव माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. त्यात मी भर घालीत बसत नाही. कार्यवाहांनी मला सांगितले की, ‘‘काहीतरी शास्त्रीय सांगा, पण मुलांना आणि बायकामाणसांनाही समजेल असे सांगा.’’ म्हणून मी सर्वांच्या ओळखीचा विषय घेतला आहे. तो म्हणजे सूर्य. जांबोटीच्या माणसाला सूर्याची थोरवी सांगावी लागत नाही. मृग लागला की पुढचे कित्येक महिने हा आपला पाहुणा ढगाआड दडी मारून बसतो, आणि घटकाभर उघडीप पडली की साऱ्या गावाची वाळवणे अंगणात येतात. अशा ह्या ओळखीच्या सूर्याच्या अंगी एक असे कोडे आहे की, ऐंशीहून अधिक वर्षे जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ त्यापुढे डोके खाजवीत बसले आहेत. त्या कोड्याची हकीकत मी आज सांगणार आहे, आणि तिचा काही भाग आपल्याच मुलुखात घडलेला आहे.

प्रथम कोडे काय ते सांगतो. चुलीपासून जसजसे दूर जावे तसतशी धग कमी होते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकीस ठाऊक आहे. सूर्याची भट्टी त्याच्या पोटात आहे. तेथे तापमान सुमारे १ कोटी ५० लाख अंश आहे. तेथून बाहेर येता येता ते उतरत जाते आणि आपल्याला जी तेजस्वी तबकडी दिसते तिच्या पृष्ठभागावर ते सुमारे ५,५०० अंश राहते. येथपर्यंत सारे चुलीच्या नियमाप्रमाणे आहे. पण ह्या पृष्ठभागाच्या वर सूर्याला एक विरळ वातावरण आहे. त्याच्या खालच्या थरास वर्णगोल म्हणतात आणि त्यावरच्या दूरवर पसरलेल्या भागास किरीट, म्हणजे मुकुट, असे नाव आहे. इंग्रजीत त्याला ‘करोना’ म्हणतात. २०२० साली रोगाचे नाव म्हणून ज्या शब्दाचा आपण धसका घेतला, तो मूळचा मुकुटाचा शब्द होय. ह्या मुकुटाचे तापमान १० ते २० लाख अंश आहे! चुलीजवळ उभे राहिले तर ऊब, अंगणात गेले तर गारवा, आणि वेशीपाशी पोचताच अंग भाजावे, असा हा प्रकार झाला. उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून तप्त वस्तूकडे जात नाही, हा सृष्टीचा पक्का नियम. मग हा मुकुट तापवितो कोण?

हा मुकुट रोज दिसत नाही. त्याचा उजेड तबकडीच्या उजेडाच्या दहा लाखांश इतकाच असतो. भर दुपारी काजवा दिसत नाही तसा तो झाकून जातो. चंद्र सूर्यबिंबास पूर्ण झाकतो त्या खग्रास ग्रहणाच्या चार-पाच मिनिटांतच तो पांढऱ्या मोत्यासारख्या प्रभेने प्रकट होतो. म्हणून गेल्या शतकाच्या आधीच्या शास्त्रज्ञांना ग्रहणामागे जगभर धावावे लागे, आणि असेच ते एकदा आपल्या दाराशी आले.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण आपल्या देशाला पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडून गेले. तेव्हा रंगपट यंत्र, म्हणजे प्रकाशाचे रंग अलग करून दाखविणारे यंत्र, नवेच हाती आले होते. ते यंत्र घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शल हा पटवर्धनांच्या जमखंडीस येऊन राहिला होता. थोर ज्योतिषी सर जॉन हर्शल ह्यांचा हा मुलगा, आणि युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शल ह्यांचा नातू. जमखंडी आज बागलकोट जिल्ह्यात आहे; आपल्या बेळगावहून सकाळी निघालेला मनुष्य दुपारपूर्वी तेथे पोचतो. तिकडे विजापुरास कॅप्टन हेग, गुंटूरला टेनंट आणि फ्रान्सचा जान्सेन, मछलीपट्टणास मद्रास वेधशाळेचा पॉग्सन, असे सारे दबा धरून बसलेले. ऑगस्ट महिना, म्हणजे ढगांची चिंता आलीच. जमखंडीस ढगांनी फार छळले. पण मधूनमधून फट पडली, आणि त्या फटीतून हर्शलला सूर्याच्या कडेवर उसळलेल्या ज्वाळांच्या प्रकाशात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. घनवस्तू तापली तर सलग रंगपट देते. सुट्या ठळक रेषा देतो तो तापलेला वायू. तेव्हा ह्या ज्वाळा वायूच्या आहेत हे त्या दिवशी निश्चित झाले.

त्यांतली जी नारिंगी-पिवळी रेषा, तिने पुढे इतिहास घडविला. जान्सेनला दुसऱ्याच दिवशी गुंटूरला उमगले की, ह्या ज्वाळा ग्रहणावाचूनही रंगपट यंत्राने पाहता येतात. तिकडे इंग्लंडात नॉर्मन लॉकियर ह्यानेही ऑक्टोबर १८६८ मध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विद्वत्सभेत एकाच दिवशी वाचली गेली. ती पिवळी रेषा पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा लॉकियरने तर्क केला की हे नवे मूलद्रव्य असावे, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेलियम’ म्हटले. १८९५ साली रॅम्झे ह्याने पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढून दाखविला आणि तर्क खरा ठरला.

येथे एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. आपल्या कोकणपट्टीत अशी समजूत आहे की, १८६८ साली लॉकियरने विजयदुर्गाच्या किल्ल्यावर उभे राहून हेलियम शोधला. तेथील ‘साहेबाचे कट्टे’ पाहून आलेले कित्येक लोक या सभेतही असतील. ते कट्टे खोटे नाहीत. पण साल निराळे आहे. १८६८ च्या ग्रहणास लॉकियर इंग्लंडात होता. तो विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. ‘मेल्पोमीन’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या खलाशांना हाताशी धरून त्याने किल्ल्यावर यंत्रे मांडली होती. मग आपली मान खाली गेली का? मुळीच नाही. खरी गोष्ट अशी की, हेलियमची ती रेषा १८६८ साली भारतात पाहिली गेली, आणि पाहणाऱ्यांतला एकजण विजयदुर्गापेक्षाही आम्हा घाटावरच्या लोकांना जवळ असा जमखंडीस होता! खरा इतिहास पुरेसा गोड असताना त्यावर साखर पेरण्याचे कारण नाही.

१८९८ च्या त्या ग्रहणास आणखीही एक तळ महाराष्ट्रात पडला होता, आणि तो आपल्या माणसाचा होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे यंत्रे नेऊन किरीटाचा आणि वर्णगोलाचा अभ्यास केला. त्यांच्या शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल उतरला होता. नायगमवालांची पुण्याची वेधशाळा कशी उभी राहिली, हे धर्मादाय संस्थेच्या सभेत आवर्जून सांगण्याजोगे आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून ती उभी राहिली. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी साऱ्या देशात मोठी होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली, पण यंत्रे कोडाईकनालला गेली आणि ‘भावनगर दुर्बीण’ ह्या नावाने पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडली. देणाऱ्याचा हात गेला तरी दिलेले काम करीत राहते, याचे हे उदाहरण आहे.

आता मुख्य कोड्याकडे वळू. ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांना मुकुटाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा दिसली. तीही कशाशी जुळेना. हेलियमचा तर्क नुकताच झालेला. मग त्याच धर्तीवर लोकांनी ‘कोरोनियम’ नावाचे आणखी एक नवे द्रव्य कल्पिले. हेलियम पृथ्वीवर सापडला, तसे कोरोनियमही सापडेल म्हणून सत्तर वर्षे वाट पाहिली. ते सापडले नाही, कारण ते नव्हतेच. १९३९ साली जर्मनीचा ग्रोट्रियन आणि पाठोपाठ १९४१-४२ च्या सुमारास स्वीडनचा एडलेन ह्यांनी दाखविले की, ही हिरवी रेषा आपल्या तव्या-विळ्याच्या लोखंडाचीच आहे! मात्र हे लोखंड असे की, ज्याच्या प्रत्येक अणूच्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ ओरबाडून काढलेले आहेत. तापमान वाढले की अणूचे इलेक्ट्रॉन सुटत जातात, ह्याचे गणित आपल्या मेघनाद साहांनी १९२० सालीच मांडून ठेवले होते. तेरा इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे वीस लाख अंश लागतात. एक कोडे सुटले आणि त्याच्या पोटातून त्याहून मोठे कोडे बाहेर पडले. दोन तर्क एकाच धाटणीचे, एकाच काळचे; एक खरा ठरला, एक खोटा. म्हणून शास्त्रात तर्काला मान असतो, पण निकाल पुराव्याचा असतो.

बालमित्रांपैकी एखादा विचारील, मुकुट वीस लाख अंश आहे, तर त्यात शिरलेले यान वितळत कसे नाही? दिवाळीतल्या फुलबाजीची ठिणगी आठवा. ती हजार अंशांच्या घरात तापलेली असते, तरी हातावर पडली तर चुटका बसतो, हात भाजत नाही. कारण तिच्यात द्रव्यच किती असते! उलट उकळत्या पाण्याचे तापमान शंभर अंश, पण अंगावर सांडले तर दवाखाना गाठावा लागतो. तापमान वेगळे आणि उष्णतेचा साठा वेगळा. मुकुट अत्यंत विरळ आहे, म्हणून तापमान भयंकर असूनही साठा थोडा.

यावरून एक मोठी सोय झाली. मुकुट तापविण्यास खर्च फारसा येत नाही. संस्थेचे हिशेबनीस येथे बसले आहेत, त्यांच्यासाठी हिशेबच मांडतो. सूर्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ६ कोटी ३० लाख वॅट इतका उजेड बाहेर पडतो. त्यावरचा मुकुट तप्त ठेवण्यास शांत भागात दर चौरस मीटरला सुमारे ३०० वॅट पुरतात. डागांच्या वरच्या धामधुमीच्या भागात सुमारे १०,००० वॅट लागतात. म्हणजे शांत भागात दोन लाख रुपयांच्या जमेत एक रुपया खर्च! रक्कम तिजोरीत आहे, प्रश्न एवढाच की ती खालून वर पोचवितो कोण आणि तेथे ती खर्ची पडते कशी. उष्णता म्हणून ती वर जाणार नाही, कारण नियम आड येतो. पण हालचाल म्हणून गेली तर? थंडीत आपण दोन्ही गार तळहात एकमेकांवर घासतो आणि ते गरम होतात. येथे उष्णता कोठूनही वाहून आली नाही. हालचाल आली आणि तिची उष्णता झाली. सूर्यावर हेच घडते, याविषयी आता शंका राहिलेली नाही.

हालचाल तर सूर्यावर उदंड आहे. गुऱ्हाळात काहिलीत रस रटरटताना तुम्ही पाहिला असेल. बुडबुडा वर येतो, फुटतो, पसरतो, त्याच्या शेजारी दुसरा येतो. सूर्याचा पृष्ठभाग असाच रटरटत असतो. मात्र तेथील एकेक बुडबुडा सुमारे हजार किलोमीटर रुंद असतो आणि आठ-दहा मिनिटे टिकतो. आरंभी बीरमन आणि श्वार्त्सशिल्ड ह्या शास्त्रज्ञांनी १९४६-४८ च्या सुमारास असे म्हटले की, ह्या रटरटीचा जो आवाज होतो त्याच्याच लाटा वर जाऊन मुकुट तापवीत असतील. कल्पना सुंदर होती. पण पुढे उपग्रहांनी मोजमाप केले तेव्हा आढळले की, आवाजाच्या लाटा वाटेतच विरतात. मुकुटापर्यंत पुरेशा पोचत नाहीत.

मग दुसरा वाहक शोधणे आले. तो वाहक म्हणजे चुंबकत्व. सूर्य हा एक प्रचंड, गुंतागुंतीचा लोहचुंबक आहे. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला तर त्याच्या रेषा उमटतात, हा प्रयोग शाळेत सर्वांनी केला आहे. सूर्याच्या पृष्ठभागातून अशा चुंबकीय रेषा वर निघतात. काही कमानीसारख्या वळून परत आत शिरतात, काही सरळ अंतराळात जातात. तापलेल्या, विद्युत्भारित वायूला, ज्याला प्लाझ्मा म्हणतात त्याला, ह्या रेषा सोडून आडवे पळता येत नाही. मणी सुतात ओवावेत तसा तो रेषांत ओवलेला असतो. आणि ह्या रेषांना तंबोऱ्याच्या तारेसारखा ताण असतो. तार ताणलेली असली आणि छेडली की लाट धावणारच. १९४२ साली स्वीडनच्या हानेस आल्फवेन ह्याने गणिताने दाखविले की, चुंबकीय रेषांवरून अशा लाटा धावल्या पाहिजेत. अनेकांनी प्रथम मान डोलावली नाही. १९७० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ह्या लाटांना आज ‘आल्फवेन लाटा’ असेच म्हणतात.

तारा छेडणारा कोण? ती खालची रटरट. रेषांचे पाय पृष्ठभागात रोवलेले आहेत. बुडबुडे ते पाय सतत हलवीत राहतात आणि हलण्याची लाट वर धावते. वर वायू विरळ होत जातो तसा लाटेचा झोल वाढत जातो. बैलगाडीवानाचा आसूड पाहा: मुठीशी हात थोडासा हलतो, पण वादी जसजशी बारीक होत जाते तसतसे टोक वेगाने फडकते आणि कडाका होतो. सूर्यावर खालचा मंद हिसका वर गेल्यावर असाच जोरदार होतो. २००७ साली जपानच्या ‘हिनोडे’ यानातून आणि अमेरिकेच्या एका खास दुर्बिणीतून अशा डोलणाऱ्या लाटा प्रत्यक्ष दिसल्या. २०२५ साली हवाई बेटांवरील चार मीटर आरशाच्या सौर दुर्बिणीने मुकुटातल्या पिळाच्या लाटाही टिपल्याचे प्रसिद्ध झाले. दोरी बोटांत धरून पीळ देत राहावे तशा ह्या लाटा.

येथे नवी अडचण आली. ह्या लाटा वाहून नेण्यात पटाईत आहेत, पण देण्यात कंजूष! त्या मुकुटातून सरळ निघून जातात, उष्णता सोडीत नाहीत. गाडी माल घेऊन आली, पण उतरविणारे हमाल नाहीत, अशी गत. हे हमाल म्हणजे प्रवाहातला खळबळाट.

कणकुंबीस उगम पावणारी आपली मलप्रभा पावसाळ्यात पाहा. पुलाच्या खांबावर पाणी आदळते आणि मोठा भोवरा होतो. त्या भोवऱ्यातून लहान भोवरे सुटतात, त्यांतून आणखी लहान, आणि अखेरीस इतके बारीक की, पाण्याचे थर एकमेकांवर घासून भोवरा विरतो आणि त्याची शक्ती पाण्यात किंचित ऊब होऊन राहते. मोठी नोट मोडून सुटे पैसे करावेत तशी ही शक्ती मोडत जाते. बाजारात खर्च होतात ते सुटे पैसे. सूर्यावरही असेच घडते. वर जाणारी लाट जेथे वायूची घनता झपाट्याने बदलते तेथे अंशतः परत फिरते. विहिरीवरच्या दोराचे एक टोक खांबाला बांधून दुसरे हिसडले तर लाट खांबावरून उलट येते, तशी. आता वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या लाटा समोरासमोर येतात. एकाच दिशेने जाणाऱ्या आल्फवेन लाटा एकमेकींच्या वाटेस जात नाहीत. पण समोरून आलेल्या एकमेकींना वेड्यावाकड्या करतात. त्यांतून चुंबकीय भोवरे निघतात, मोठ्यातून लहान, लहानातून बारीक. आणि शेवटच्या बारीक भोवऱ्यांची शक्ती प्लाझ्माच्या कणांना मिळते. हीच ती उष्णता.

दुसरेही एक मत आहे आणि ते तितकेच भक्कम आहे. शिकागोच्या युजीन पार्करने १९८८ साली असे मांडले की, रेषांचे पाय नुसते थरथरत नाहीत, तर इकडून तिकडे भटकतात. त्यामुळे वरच्या रेषा एकमेकींत गुंतून त्यांची वेणी होते. सुंभाला पीळ देत गेले तर एका क्षणी गाठ मारली जाते किंवा तो तुटतो. तशा त्या रेषा ताणल्या जाऊन तुटतात, नव्याने जुळतात, आणि प्रत्येक वेळी एक लहानसा स्फोट होतो. अशा असंख्य बारक्या स्फोटांनी मुकुट तापतो. हे स्फोट इतके लहान की सुटेसुटे दिसणे कठीण. येथे महाराष्ट्राचा पुन्हा संबंध येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील सुरजित मंडल, दिव्य ओबेरॉय आणि अतुल मोहन ह्यांनी ऑस्ट्रेलियातील एका रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे तपासून २०२० साली दाखविले की, सूर्य अगदी शांत असतानाही त्याच्या सर्व भागांतून क्षणिक, अति क्षीण रेडिओ लुकलुक चालू असते. पार्करच्या बारक्या स्फोटांची ही चाहूल असावी, असे ते म्हणतात.

ह्या पार्करची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५८ साली त्याने लिहिले की, मुकुट इतका तप्त असल्यामुळे सूर्याच्या ओढीत तो मावत नाही. त्यातून कणांचा वारा सर्व दिशांना सतत वाहत असला पाहिजे. लेख तपासणाऱ्या दोघांनी तो फेटाळला. पण मासिकाचे संपादक आपले सुब्रह्मण्यम चंद्रशेखर होते. त्यांनाही ती कल्पना रुचली नव्हती. तरी गणितात चूक सापडत नाही, मग केवळ न रुचल्याकारणाने लेख अडवावयाचा नाही, असा न्याय त्यांनी केला आणि लेख छापला. थोड्याच वर्षांत यानांनी तो वारा प्रत्यक्ष मोजला. आपल्याला न रुचणाऱ्या माणसाचेही म्हणणे मुद्द्यावर तपासावे, हा धडा सार्वजनिक संस्थांनीही घेण्याजोगा आहे.

पार्करच्याच नावाचे यान १२ ऑगस्ट २०१८ रोजी सूर्याकडे निघाले. २८ एप्रिल २०२१ रोजी ते सूर्यपृष्ठापासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर मुकुटाच्या सीमेच्या आत शिरले. मानवाने बनविलेली वस्तू प्रथमच सूर्याच्या वातावरणात गेली. पार्करला हे पाहावयास मिळाले; तो मार्च २०२२ मध्ये वारला. २४ डिसेंबर २०२४ रोजी हे यान पृष्ठभागापासून केवळ ६१ लाख किलोमीटरवरून गेले. त्याला तेथे जोरदार आल्फवेन लाटा भेटल्या. इतक्या जोरदार की रेषा काही ठिकाणी उलट्या वळलेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे यान आणि युरोपचे ‘सोलर ऑर्बिटर’ ही एकाच प्रवाहाच्या वाटेवर, एक सूर्याजवळ आणि एक दूर, अशी आली. जवळच्या यानाने मोजलेल्या लाटांची शक्ती दूरच्या यानापाशी घटलेली होती, आणि वारा मात्र अपेक्षेहून तप्त आणि वेगवान झालेला होता. २०२४ साली प्रसिद्ध झालेला हा जमाखर्च जुळतो: लाटांची वजावट तीच वाऱ्याची जमा. तेव्हा अंतराळात उघड्या जाणाऱ्या रेषांवर लाटा आणि खळबळाट हे मुख्य कारण दिसते. कमानींत बंद असलेल्या मुकुटात बारक्या स्फोटांचा वाटा किती आणि लाटांचा किती, ह्याविषयी वाद अजून चालू आहे. कदाचित दोघेही एकाच घरचे निघतील, कारण खळबळाटातही रेषा तुटतात आणि तुटणाऱ्या रेषाही लाटा उठवितात.

कोणी म्हणेल, ‘‘हे सारे ठीक, पण आमच्या भाताला त्याचा काय उपयोग?’’ उत्तर कुलाब्यास सापडते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवीत असत. आपले केरूनाना छत्रे तरुणपणी तेथेच कामास होते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टनने सूर्यावर एक लख्ख भडका पाहिला. पुढच्या दिवशी कुलाब्याची चुंबकसूची अशी काही खाली गेली की, त्या वादळाची ती नोंद आजही जगभर प्रमाण मानतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा निघाली. १८५९ साली तारायंत्रांपुरतीच हानी झाली. पण १३ मार्च १९८९ रोजी तशाच पण लहान वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानले येथे आकाश तांबडे झालेले दिसले. आज दूरध्वनी, बँकेचे व्यवहार, हवामानाचा अंदाज, नावाड्यास दिशा दाखविणारे यंत्र, हे सारे उपग्रहांवर आणि विजेवर टेकलेले आहे. ही वादळे मुकुटातूनच उठतात. मुकुट कसा तापतो आणि कोठे ताणला जातो हे कळल्याशिवाय वादळाची आगाऊ सूचना मिळणार नाही.

म्हणूनच आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य एल-१’ पाठविले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या ठिकाणी पोचले. तेथून सूर्य कधी मावळत नाही आणि ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही; बेंगळूरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने केलेले यंत्र त्यात आहे, ते स्वतःच तबकडी झाकून कृत्रिम ग्रहण घडविते. ते यंत्र ज्या रेषा तपासते त्यांत एक आहे १८६९ ची तीच हिरवी रेषा, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची! पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने, जी कोल्हापूरचे सुपुत्र जयंत नारळीकर ह्यांनी उभी केली, दुसरे यंत्र दिले आहे. ते जंबुपार प्रकाशात तबकडी आणि वर्णगोल टिपते. जमखंडीस एका परक्या लेफ्टनंटाने ढगाच्या फटीतून डोकावून जे पाहिले, ते आज आपल्याच मुलामुलींनी बनविलेली यंत्रे पाहतात. दीडशे वर्षांत एवढा पल्ला आपण गाठला.

आता विश्वस्तांपुढे एक नम्र सूचना. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहण अंकोला, हुबळी ह्या बाजूने गेले, तेव्हा देशभर लाखो लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले. त्यांतले कित्येक पुढे हळहळले. ग्रहणाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये हे अगदी खरे. पण घरात कोंडून घेण्याचीही गरज नाही. आपल्या कौलारू घरांत कौलाच्या फटीतून जो कवडसा पडतो, तो गोल का असतो? फट तर वेडीवाकडी असते. तो गोल असतो कारण तो सूर्याचेच चित्र असतो. फट चार मीटर उंचावर असेल तर चित्र सुमारे पावणेचार सेंटिमीटर रुंद पडते. ग्रहणात हाच कवडसा कोरीसारखा होतो. आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवून उन्हाचा झोत दहा मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर सोडला तर नऊ सेंटिमीटरचा सूर्य दिसतो, आणि मोठे डाग असतील तर तेही. ह्याला खर्च आठ आणेसुद्धा येत नाही. आपल्या वाचनालयात अशी एक भिंत राखावी, मुलांनी रोज त्या चित्रावरचे डाग वहीत टिपावेत, आणि वर्षाअखेर ज्याची वही नीट असेल त्याला संस्थेने एखादे पुस्तक बक्षीस द्यावे. २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखात खग्रास ग्रहण आहे. तोवर ह्या सतरंजीवरची मुले मोठी झालेली असतील. त्यांतला एखादा जरी यंत्र घेऊन तिकडे गेला, तरी संस्थेच्या ह्या महोत्सवाचे फळ मिळाले असे मी समजेन.